बहात्तर किलोंची खुर्ची

पाचव्याचं नाक सरळ होतं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

बॉक्सर म्हटला की लोकांना चपटं नाक लागतं. भुवईवर टाक्यांची खूण, सुजून बसलेले कान, एखादा सोन्याचा दात, असं काही दिसलं की माणसं आपोआप मान देतात, बसायला जागा करून देतात. पाचव्याकडे यातलं काहीच नव्हतं. सत्तरी ओलांडली तरी नाक असं की त्याची पट्टी करून रेघ मारून घ्यावी. कान जागच्या जागी, दात स्वतःचे. कुठे विषय निघाला आणि तो म्हणाला, "मी पण खेळायचो एकेकाळी," तर ऐकणारा आधी त्याच्या नाकाकडे बघायचा आणि मग विचारायचा, "काय, कॅरम?"

आता यात ऐकणाऱ्याचीही चूक नाही. पाचवा तरुण होता तेव्हा मधल्या वजनाच्या गटात गुणवान माणसांचा नुसता सुळसुळाट झाला होता. एरवी एखाद्या शहराला पिढ्यानपिढ्या धड बॉक्सर मिळत नाही. इथे एकाच वेळी, एकाच वजनात चौघं. तोफ, हातोडा, रेडा आणि देखणा. तोफेचा उजवा हात बसला की समोरचा दोन दिवस डाव्या कुशीवर झोपायचा. हातोडा बरगड्या सोडून दुसरीकडे मारतच नसे. रेड्याला मार लागला की ते त्याला दुसऱ्या दिवशी, तेही आईने सांगितल्यावर कळायचं. आणि देखणा जिंकला तरी बायका रडायच्या, हरला तरी रडायच्या. क्रमवारीत हे चौघं आलटूनपालटून वरखाली होत, आणि पाचव्या जागेवर आपला हा गृहस्थ वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला. खालच्याने त्याला हलवलं नाही आणि वरच्यांनी जागा दिली नाही. हळूहळू लोक त्याचं खरं नाव विसरले. नवीन गिऱ्हाइकांना तर 'पाचवे' हे त्याचं आडनावच वाटतं, आणि तोही बिलावर तसंच लिहितो.

बरं, त्याला खेळता येत नव्हतं असं कोणी म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही. इतर लोक मारायला शिकले, हा चुकवायला शिकला. समोरच्याने ठोसा उगारला की पाचवा तिथे नसायचाच. कुठे असायचा? ठोशापासून बोटभर लांब. मान जरा कलती, खांदा जरा आत, एवढंच. नाकावर माशी बसू दिली नाही त्याने, ठोसा तर लांबच राहिला. समोरचा हवेशी भांडून भांडून दमला की हा दाराची कडी वाजवावी तसा एक ठोसा द्यायचा, एक गुण घ्यायचा आणि पुन्हा नाहीसा व्हायचा. अशा रीतीने तो जवळजवळ सगळ्या लढती जिंकला आणि प्रेक्षकांना जवळजवळ सगळ्या लढतींत झोप लागली. त्याच्या लढती मनापासून आवडणारा एकच माणूस होता, तो म्हणजे हॉलबाहेरचा चहावाला. पाचवा रिंगमध्ये चढला की अर्धा हॉल चहा प्यायला बाहेर यायचा.

तोफ विजेता होता. त्याच्याशी एक लढत मिळावी, एवढीच पाचव्याची मागणी. ती तीनदा ठरली. आणि तिन्ही वेळा, लढत आठवड्यावर आली असताना, तोफेचे मामा वारले.

पहिल्यांदा पाचव्याला खरंच वाईट वाटलं. त्याने दुखवट्याचं पत्र धाडलं. दुसऱ्यांदा त्याला वाटलं, दुसरे मामा असतील. तिसऱ्यांदा मात्र त्याने चौकशी केली, तेव्हा कळलं की तोफेच्या आईला एकच भाऊ, आणि त्या भावाचं बाजारामागे सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. पाचवा सायकल घेऊन गेला. मामा ठणठणीत होते. त्यांनी पंक्चर काढून दिलं, वर ब्रेकही घट्ट करून दिले आणि म्हणाले, "भाचा बॉक्सर आहे माझा. तुम्हाला आवड आहे का बॉक्सिंगची?"

त्यानंतर गुडघा गेला, वय गेलं, तो काळच गेला. पाचव्याने सासऱ्यांचं सोफे बनवायचं दुकान हातात घेतलं. खाली दुकान, वर घर. तो लाकडी सांगाडे, पट्टे आणि स्प्रिंगा बघायचा, बायको शिलाई मशीनवर खोळी शिवायची. दुकानात फोमचा वास, गोणपाटाची धूळ, आणि दाभण नेहमी शोधावं लागायचं. धंदा बरा चालला, संसार बरा झाला. पण रोज, कुठल्याही निमित्ताने, विषय तोफेवर यायचा. जाड बूड असलेलं कोणी गिऱ्हाईक आलं की, "तोफेचं असं नव्हतं." कोणाकडे मयत झाली की, "तोफेच्या मामांसारखं नाही ना?" बायकोचे कान किटले होते.

"अहो," ती मशीन थांबवून म्हणायची, "त्यांनी नाही म्हटलं तेव्हा मी तुम्हाला हो म्हटलं होतं. त्याचा कधी विषय काढता का?"

यावर पाचवा मान कलती करायचा. चुकवायची सवय अंगातच होती.

अशात एके दिवशी बॉक्सिंग क्लबचा चिटणीस दुकानात आला. गडी तरुण, केसांना जेल, हातात दोन फोन. क्लबने त्या सुवर्णकाळाचा गौरव करायचं ठरवलं होतं. हातोडा, रेडा आणि देखणा काळाच्या पडद्याआड गेलेले. उरला होता तोफ, आणि तोही पुढच्या महिन्यात मुलीकडे परदेशात कायमचा जाणार होता. तेव्हा त्याचा भव्य सत्कार, जुन्या हॉलमध्ये, प्रत्यक्ष रिंगमध्ये. आणि त्यासाठी एक खुर्ची हवी होती. लाल मखमलीची, उंच पाठीची, रुंद हातांची. तोफ तीत बसणार, आणि नंतर ती खुर्ची क्लबमध्ये कायमची राहणार.

"मऊ हवी," चिटणीस म्हणाला. "साहेबांना मऊ लागते, असं त्यांच्या मुलीने सांगितलंय. आणि कार्यक्रमाला तुम्ही पण या, काका. खुर्चीचं ऐन वेळी काही लागलं तर माणूस हवा. पास ठेवतो दोन." मग भिंतीवरचा जुना, काळवंडलेला ग्लव्ह्जचा जोड त्याला दिसला. "तुम्ही पण बघायचात का बॉक्सिंग?"

"हो," पाचवा म्हणाला. "बऱ्यापैकी जवळून."

बायकोने मशीनवरून मान वर केली नाही, पण पाय थांबवला. चिटणीस गेल्यावर ती उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता ऐका. हा माणूस परत काही हाती लागायचा नाही. तुम्हाला एकच गोष्ट विचारायची आहे ना त्याला?"

"का नाही लढलास, एवढंच."

"मग विचारा. त्या दिवशी, तोंडावर विचारा. उत्तर मिळो न मिळो. पण तिथून घरी आल्यावर या घरात तोफ नाही, मामा नाही, काही नाही. विषय संपला. कबूल?"

पाचवा बराच वेळ हातातल्या सुतळीशी चाळा करत बसला. या एका प्रश्नावर त्याने अख्खं आयुष्य काढलं होतं. तो गेला तर दुपारी काय करायचं, हेही त्याला सुचेना. पण तो कबूल म्हणाला, आणि खुर्चीच्या कामाला लागला.

आता त्याची कामाची पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. पाचवा गिऱ्हाइकाला वजन कधी विचारत नसे. वजनाच्या बाबतीत माणूस स्वतःच्या आईशीही खरं बोलत नाही, असं त्याचं मत. तो गिऱ्हाइकाला दारातून आत येताना फक्त बघायचा. पाऊल कसं पडतं, उंबरठ्याची फळी किती वाजते, श्वास कुठे लागतो. मग मनातल्या मनात आकडा यायचा, आणि त्यात किलोभराचीही चूक नसायची. ही विद्या रिंगमधली. त्या आकड्यावरून स्प्रिंगांची तार किती जाड घ्यायची आणि सुतळी किती ताणून बांधायची ते ठरायचं. म्हणून त्याच्या खुर्चीत बसलेला माणूस ना रुतायचा, ना उडायचा. लोक बसायचे आणि म्हणायचे, अगदी माझ्यासाठीच बनवलीय. खरंच त्यांच्यासाठीच बनवलेली असायची.

आणि या एका खुर्चीसाठी पाचव्याला माणूस बघायची गरजच वाटली नाही.

"किती धरलंत?" बायकोने मखमल कापता कापता विचारलं.

"बहात्तर."

"त्यांना बघितलंय का अलीकडे?"

"बघायचंय काय त्यात? पाठ आहे तो मला." पाचवा स्प्रिंग दाबून बघत म्हणाला. "डावा खांदा खाली, उजवा पाय मागे, बहात्तर किलो. झोपेत विचार."

बायकोला झोपेतही विचारायची गरज नव्हती, ते तिने झोपेतच कितीदा ऐकलं होतं. ती मखमल कापत राहिली.

खरं तर ती खुर्ची म्हणजे त्याच्या हातचं सगळ्यात सुंदर काम. ज्या माणसाने त्याला आयुष्यभर हुलकावणी दिली, त्याच्यासाठी त्याने बारीक तारेच्या स्प्रिंगा हाताने वळवल्या, आठही दिशांनी सुतळी बांधली, वर गोणपाट, त्यावर कापूस, त्यावर मऊ फोम. बायकोने मखमलीच्या कडेला सोनेरी दोरी शिवली. राग होता की प्रेम, हे त्याचं त्याला सांगता आलं नसतं. झाल्यावर त्याने स्वतः बसून बघितलं. तो अजून सत्तर किलोच्या आत होता. खुर्चीने त्याला अलगद झेललं.

सत्काराच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. भिंतीवर चौघांची मोठी चित्रं रंगवलेली, चौघांचीही नाकं चपटी आणि प्रसिद्ध. रिंगमध्ये मधोमध ती लाल खुर्ची, बाजूला चार साध्या घडीच्या खुर्च्या, त्यांतल्या एकीवर त्या काळचा पंच. पंच आता ऐंशीच्या पुढे गेला होता, पांढरा शर्ट आणि काळा बो लावून आला होता आणि बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली होती. पाचव्याला जागा मिळाली होती खांबामागे. पायाशी हत्यारांची पेटी, शेजारी बायको.

"पाठ केलंय ना काय विचारायचं?" तिने विचारलं.

"का नाही लढलास."

"एवढंच. मामांचं काही काढू नका."

दिवे मालवले. एक झोत दाराकडे गेला. टाळ्या सुरू झाल्या आणि तोफ आला, अंगात लढतीच्या दिवसांतला तोच जुना निळा झगा. म्हणजे तोच वाटणारा, कारण नीट बघितलं तर कळलं असतं की त्यात आणखी एक झगा उसवून जोडलेला आहे. पाचवा खांबामागून वाकून बघत होता. त्याला गर्दीतून फक्त निळं काहीतरी सरकताना दिसलं. मग तोफ रिंगच्या लाकडी पायरीवर चढला, आणि पायरी वाजली.

पाचव्याच्या मनात आपोआप आकडा आला.

"एकशे अठरा," तो पुटपुटला.

"काय एकशे अठरा?"

"किलो."

बायको खांबाच्या दुसऱ्या बाजूने वाकली. वर तोफेला आत घ्यायला, रिंगचा दोर उचलून धरायला चार जण लागले होते. तिने ते बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं.

"आणि खुर्ची?"

"बहात्तर."

बायकोने कपाळाला हात लावला. पाचवा पेटी उचलून धावणार, तोच समारंभाची घंटा झाली आणि तोफ हसतमुखाने, दोन्ही हात हलवत, खुर्चीत बसला.

आधी काहीच झालं नाही. चांगलं काम मोडायलाही वेळ घेतं. मग आत कुठेतरी सुतळीचा एक पेड तुटला, टण्. तोफ जरा चपापला, पण हसत राहिला. चिटणीसाने माईक हातात घेऊन भाषण सुरू केलं. त्याने तोफेच्या कॉलरलाही एक छोटा माईक लावून ठेवला होता, साहेब बसल्या बसल्या दोन शब्द बोलतील म्हणून.

"साहेबांनी या खेळाला ज्या उंचीवर नेलं," चिटणीस म्हणाला, आणि साहेब चार बोटं खाली गेले. टण्. "ती उंची आज कोणालाही गाठता आलेली नाही." साहेब आणखी खाली. टण्, टण्. "आजही त्यांची मान ताठ आहे," आणि तोपर्यंत मानेशिवाय फारसं काही दिसतही नव्हतं. गुडघे कानांपर्यंत वर आले होते. हात खुर्चीच्या रुंद हातांवर असे पसरलेले, की पोहायला पडलेल्याने टबाची कड धरावी. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला सांगितलं, "किती आरामात बसलेत बघा. अहंकार म्हणून नाही."

भाषण संपलं. चिटणीसाने मखमली पेटीतून पदक काढलं आणि साहेबांना उठायची विनंती केली.

"उठतो," तोफ म्हणाला. तो उठला नाही. "उठतोय," तो म्हणाला. पाय हवेत थोडे हलले.

त्या पायांच्या हालचालीने पंचाला जाग आली. त्याने डोळे उघडले तर समोर रिंग, वर दिवे, चारी बाजूंना गर्दी, आणि मधोमध झग्यातला एक माणूस खाली गेलेला आणि उठायची धडपड करतोय. पंचाने एक क्षणही विचार केला नाही. तो उठला, तोफेसमोर जाऊन वाकला आणि त्याच्या तोंडासमोर बोट नाचवत मोठ्याने म्हणाला, "एक."

"अहो, पंचकाका," चिटणीस म्हणाला.

"मध्ये बोलायचं नाही. दोन."

प्रेक्षकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. तीनला अर्ध्या हॉलने साथ दिली, चारला सगळ्याने. आणि गंमत अशी की तोफेनेही धडपड थांबवली. जुना खेळाडू तो. खाली गेलेल्याने घाई करायची नसते, आठपर्यंत दम खायचा आणि मग उठायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो पंचाच्या बोटांकडे टक लावून दम खात राहिला.

पाच झाले तेव्हा पाचवा खचाखच गर्दीतून वाट काढत एकदाचा रिंगपाशी पोचला. हातात पेटी, तोंडात पकड. दोरांमधून तो असा आत शिरला की दोर हललाही नाही. पंचाने मोजणी थांबवली. त्याने या नव्या माणसाकडे डोळे बारीक करून बघितलं, सरळ नाकावर नजर गेली, आणि ओळख पटली. इतक्या वर्षांत एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्याला ओळखणारा हा पहिला माणूस.

"पाचव्या," पंच म्हणाला, "आधी कोपऱ्यात जा. तू कोपऱ्यात गेल्याशिवाय मला पुढे मोजता येणार नाही."

"अहो, पण खुर्ची," पाचवा पकड काढून म्हणाला.

"नियम आहे. कोपऱ्यात."

नियम होताच. पाचवा मुकाट्याने पेटी घेऊन लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, दोन्ही कोपरं दोरांवर ठेवून, जसं उभं राहायचं असतं तसं. पंचाने समाधानाने मान हलवली आणि पुढे सुरू केलं. सहा. सात. आठला तोफेने ठरल्याप्रमाणे जोर लावला. आतली उरलीसुरली सुतळी तुटली आणि तो होता त्याहून खाली गेला. नऊ. दहा.

"बाद," पंच म्हणाला. तो कोपऱ्यात गेला, पाचव्याचा हात धरून त्याला मध्यभागी आणलं आणि पकडीसकट तो हात वर केला. "विजेता," तो गर्जला आणि थबकला. मग हळूच विचारलं, "नाव काय रे तुझं?"

पाचव्याने तोंड उघडलं. खरं नाव ओठांवर आलं होतं, पण इतक्या वर्षांनी ते त्याला दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

"पाचवा," तो म्हणाला.

"विजेता, पाचवा."

टाळ्या पडल्या. हा कोण, म्हणून लोक एकमेकांना विचारत होते. खुर्चीवाला, असं कोणीतरी सांगितलं. चिटणीसाच्या केसांतला जेलही घामाने उतरला होता. पाचवा खुर्चीपाशी गुडघे टेकून बसला, खालचं गोणपाट चिरायला त्याने सुरी काढली, आणि मान वर केली तर तोफेचा चेहरा त्याच्यापासून बोटभर अंतरावर होता. एवढ्या जवळ ते आयुष्यात कधी आले नव्हते. तोफ म्हातारा झाला होता. गाल ओघळले होते, डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. पाचव्याला वाईट वाटलं आणि त्याच वेळी राग आला. तो अगदी हळू आवाजात म्हणाला,

"का नाही लढलास माझ्याशी?"

पण तोफेच्या कॉलरला माईक होता. प्रश्न हॉलभर घुमला आणि चारी भिंतींवर आपटून परत आला. खांबाजवळ बायको उभी राहिली.

तोफेने त्याच्याकडे बघितलं. मग खाली, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं, जे खाली नव्हतेच. पळून जायला जागा नव्हती, आणि मेलेले मामा इथे उपयोगाचे नव्हते.

"तुझी एक लढत बघायला आलो होतो मी," तो म्हणाला. त्याचा आवाजही हॉलभर जात होता आणि त्याला ते कळत नव्हतं. "मागच्या रांगेत, टोपी घालून. समोरचा चांगला तगडा होता. शेवटपर्यंत हवेलाच मारत राहिला बिचारा. लोक झोपले होते. मला रात्रभर झोप आली नाही. म्हटलं, याच्यासमोर उभं राहिलो तर चारचौघांत माझं हसं होणार. मार खायला मी कधी घाबरलो नाही रे. हातोड्याचा खाल्ला, रेड्याचा खाल्ला. पण हसं व्हायला घाबरलो. म्हणून घरी गेलो आणि मामांना मारलं."

"तीनदा," पाचवा म्हणाला.

"तीनदा," तोफेने कबूल केलं. मग त्याने हवेत लोंबणाऱ्या आपल्या पायांकडे बघून सुस्कारा टाकला. "आणि बघ, शेवटी तेच झालं."

हॉल हसला नाही. मग खांबाजवळून एकट्या बाईच्या टाळ्यांचा आवाज आला, खोळी शिवून शिवून घट्टे पडलेल्या हातांच्या, खणखणीत. मग सगळा हॉल उभा राहिला. पाचव्याला रडू आलं. ते पुसायला त्याने हात वर केला तर हातात सुरी होती, म्हणून त्याने ते तसंच वाहू दिलं.

तोफेला बाहेर काढायला सहा माणसं आणि एक फळी लागली. बाहेर आल्यावर त्याने पदक गळ्यात घालून घेतलं आणि पाचव्याच्या खांद्यावर हात टाकला. "खुर्ची दुरुस्त करून दे," तो म्हणाला. "क्लबमध्ये राहायची आहे ती. लोक म्हणतील हाच का विजेता, असा रुतून बसलेला."

"या वेळी माप घ्यावं लागेल," पाचवा म्हणाला. "दुकानात ये. नुसतं दारातून आत यायचं, मी बघणार, बास. मंगळवारी?"

"मंगळवारी नक्की," तोफ म्हणाला, आणि हातावर हात मारला.

कबूल केल्याप्रमाणे घरी विषय बंद झाला. सोमवारी पाचव्याने एकदाही तोफेचं नाव काढलं नाही. दुपारभर तो इकडची वस्तू तिकडे करत राहिला आणि बायकोला त्याच्याकडे बघवेना. मंगळवारी सकाळी मात्र त्याने दुकान झाडून काढलं, उंबरठ्याची फळी पुसली, आणि जाड तारेच्या स्प्रिंगा काढून टेबलावर ओळीने मांडल्या. बायकोने तीन कप काढून ठेवले. दोघं दाराकडे तोंड करून बसली.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. बायकोने उचलला. "हो," ती म्हणाली. "अच्छा. अरेरे. नाही, नाही, समजू शकतो आम्ही. सांगते त्यांना." तिने फोन ठेवला आणि थोडा वेळ त्यावरचा हात काढला नाही.

"काय झालं?"

"त्यांना यायला जमणार नाही," ती म्हणाली. "त्यांचे मामा वारले."

पाचवा बघत राहिला. आधी त्याचे खांदे हलले, मग पोट, मग तो टेबलाला धरून असा हसला की स्प्रिंगा एक एक करून खाली पडून दुकानभर उड्या मारत गेल्या. बायको हसता हसता खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. मग ती एकदम थांबली आणि तिने नवऱ्याकडे नव्याने बघितल्यासारखं बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "अजून घाबरतात तुम्हाला."

पाचवा ताठ झाला. त्याने शर्टाची कॉलर नीट केली आणि सरळ नाकावरून एक बोट फिरवलं. मग त्याने खण उघडून कोरा कागद काढला आणि तोफेला दुखवट्याचं पत्र लिहायला बसला. पत्र छोटंच होतं. वाईट बातमी कळली, फार दुःख झालं. मामांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांनी काढलेलं पंक्चर अजून टिकून आहे, हेही सांग.